साडूंनी दिलेली जलकुंभी

मित्रांनो, धारला मानसिंगरावांच्या परसात, गोठ्याला लागून, काळ्या दगडांनी बांधलेलं एक जुनं तळं आहे. ते तळं म्हणजे मी. नदी होण्याची हौस मला कधीच नव्हती. गुरं माझं पाणी पीत, मोगऱ्याला माझंच पाणी जाई आणि माझ्यातले मासे डासांची पिल्लं गट्ट करून सुखानं राहत. एवढाच माझा संसार.

मानसिंगराव दरबारचे मानकरी. नुसतं पाणी काय बघायचं, असं त्यांना वाटे. एकदा ते देवासला साडूंकडे, म्हणजे हंबीररावांकडे गेले आणि टांग्यातून टोपलीभर रोपं घेऊन आले. फुगीर देठांची, पाण्यावर तरंगणारी, वर जांभळ्या फुलांचा तुरा. आता त्यांना सगळे जलकुंभी म्हणतात. तेव्हा आमच्याकडे कुणी ती पाहिलीही नव्हती.

"मागितलं एक, दिली टोपली! मन मोठं आहे हो हंबीररावांचं!" ते पत्नीला, जमुनाबाईंना म्हणाले.

जमुनाबाईंना माझ्यात शिंगाड्याचे वेल हवे होते. "उपासाला घरचे शिंगाडे झाले असते," त्या हळूच म्हणाल्या.

"शिंगाडे बाजारात मिळतात. शोभा मिळते का?"

शोभा मिळाली. आषाढात कोपऱ्यात होती, ती भाद्रपदात पलीकडच्या काठाला टेकली. हा आपलाच हातगुण, असं मानसिंगरावांनी ठरवून टाकलं. आल्यागेल्याला ते परसात आणत आणि जाताना हाती एक रोप देत. नको म्हणायची सोय नव्हती.

दिवाळीपर्यंत मी पुरतं झाकलं गेलं. मला आभाळ दिसेना. खाली अंधार, पाण्याला दर्प. मासे कसेबसे वर येऊन आ वासत आणि पानांच्या आडोशाला डासांनी गाव वसवलं.

"अहो, पाणी कुठाय?" जमुनाबाईंनी विचारलं.

"खाली आहे की! पळून जातंय होय?"

मार्गशीर्षात हंबीरराव आणि अक्का धारला आले. अक्का म्हणजे हंबीररावांच्या पत्नी, जमुनाबाईंची थोरली बहीण. मानसिंगरावांनी पगडी आणि जरीचा अंगरखा चढवला आणि दोघांना माझ्या काठी आणलं. "बघा! तुमच्या रोपांचं आम्ही काय करून दाखवलं!"

हंबीरराव खोकले. अक्कांनी तोंडाला पदर लावला, पण हसू आवरेना. "अगं जमू, ही बला उपसून उपसून आमची माणसं थकली होती. न्यायला कुणी मिळेना, तेवढ्यात तुझी स्वारी आली!"

मानसिंगरावांचा चेहरा उतरला. "म्हणजे ती भेट नव्हती?"

"भेटच होती," हंबीरराव जमिनीकडे बघत पुटपुटले. "आमची सुटकाही झाली, एवढंच."

पुढचं भांडण राहूनच गेलं. गोठ्यातलं वासरू दावं सोडवून आलं. माझी हिरवी पाठ त्याला कुरण वाटली आणि ते उड्या मारत थेट माझ्यात शिरलं. मुळांच्या गुंत्यात पाय अडकले. ते जितकं धडपडे, तितकं खाली जाई. मित्रांनो, ते माझंच पाणी पिऊन वाढलेलं पोर होतं आणि मी त्याला वर ढकलू शकत नव्हतं. तेव्हा मला माझंच भय वाटलं.

मानसिंगरावांनी पगडी पाहिली नाही की जरी पाहिली नाही. त्यांनी धाडकन उडी घेतली. पाठोपाठ हंबीरराव. दोघांनी वासराला खालून उचलून धरलं, जमुनाबाईंनी चऱ्हाट टाकलं, अक्कांनी ओढलं. वासरू काठावर आलं, शिंकलं आणि आईकडे पळालं.

आता दोघे साडू छातीभर पाण्यात अडकलेले. एकाच्या मिशीत मुळं, दुसऱ्याच्या कानावर जांभळा तुरा.

"आधी पाहुण्यांना ओढा," मानसिंगराव दात वाजवत म्हणाले.

"छे, आधी यजमान!"

"थंडीनं काकडताय आणि मानपान कसले करताय?" अक्का ओरडल्या. "जो जवळ असेल त्यानं दोर धरावा!"

दुसऱ्या दिवसापासून दोघेही दाताळं घेऊन कामाला लागले. मानसिंगराव काढलेली रोपं नाल्यात टाकायला निघाले, तेव्हा जमुनाबाई आडव्या आल्या. "नाल्यातून गावभर पसरतील. उन्हात वाळवा आणि खड्ड्यात पुरा." मग मानसिंगराव घरोघर गेले आणि आग्रहानं दिलेली रोपं हात जोडून परत मागून आणली. एवढं जड ओझं त्यांनी कधी वाहिलं नसेल.

शिंगाड्याचे वेल आले. जमुनाबाईंनी बांबूची चौकट माझ्यावर तरंगत सोडली आणि वेल तिच्या आत ठेवले. वैशाखात माशांना सावली हवी, म्हणून थोडा भाग झाकलेला. बाकी पाणी मोकळं. चौकटीबाहेर वेल गेला की मानसिंगराव स्वतः तो आत घेत आणि जास्तीचा खुडत.

मित्रांनो, तळ्यात झाड जरूर लावा. पण फूल किती सुंदर आहे एवढंच विचारू नका. ते किती पसरतं तेही विचारा, आणि दर आठवड्याला हात ओले करायची तयारी ठेवा. मात्र माझ्यासारख्याला आपादमस्तक झाकून टाकू नका. आम्हांला थंडी वाजत नाही.