हरिश्चंद्रपंतांचं वजन

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. पण लगेच हळहळू नका. गरीब बिचारी म्हणून कुणी मला कुरवाळलेलं खपत नाही. मी मनात डूख धरणारी आहे, आणि एकदा धरला की सोडत नाही.

माझा जन्म मालवणचा. १९५१ साली गणपत सुताराने मला फणसाच्या लाकडातून घडवलं. तेव्हा मुंबईची आगबोट बंदरात आली की लांब खोल पाण्यातच उभी राहायची. उतारू पडावात, म्हणजे होडीत, बसून किनाऱ्याकडे यायचे आणि पडावही वाळूच्या अलीकडेच थांबायचा. उरलेलं मांडीभर पाणी खलाशाच्या खांद्यावर बसून ओलांडायचं, अशी रीत होती. एकदा एका डॉक्टरांच्या बायकोने साफ सांगितलं, "मी परक्या पुरुषाच्या खांद्यावर बसणार नाही. वाटल्यास याच बोटीने परत जाते!" दोन तास ती माउली पडावात बसून राहिली. पुढच्याच आठवड्यात तय्यब खलाशाने मला करवून घेतलं. दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या, कड्यांतून दोन बांबू, पुढे तय्यब आणि मागे त्याचा जोडीदार लवू. झाली माझी पालखी!

काय ते दिवस होते! मामलेदार बसले, नवऱ्या मुली बसल्या, मुंबईहून गणपतीला येणारे चाकरमानी बसले. सगळे मला थोपटून म्हणायचे, "बरी आसा हां खुर्ची!" मी फुलून जायची. आणि मित्रांनो, या कामात मला एक विद्या आली. माणूस बसला की त्याचं वजन मला अचूक कळायचं. कुणाच्या घरी जेवणाची आबाळ झाली नि कुणाला माहेर मानवलं, ते मला कुणी सांगावं लागत नसे.

बहुतेक पाहुणे उतरले की जानकीच्या खानावळीत जायचे. जानकी म्हणजे तय्यबच्या पडावावरच्या भिकाजीची बायको. भिकाजी वादळात गेला, तेव्हा तिने रडत न बसता चूल मोठी केली. तिच्या हातचं तिसऱ्यांचं सुकं, वडे, सोलकढी खाऊन माणसं बोट चुकवायची. ती खानावळ हेच तिचं पोट आणि तीच तिची अब्रू.

१९५६ च्या माघात हरिश्चंद्रपंत आले. मुंबईच्या एका साप्ताहिकात ते गावोगावचे निसर्ग, खाणं आणि कला यांवर लिहायचे. नाव हरिश्चंद्र! आई-बापांनी काय आशेने ठेवलं असेल! उतरताना बेताचा माणूस. आठ दिवस त्यांनी किल्ला पाहिला, जत्रेत दशावतार पाहिला, आणि बाकीचा सगळा वेळ जानकीच्या पाटावर काढला. जाताना ते माझ्यावर बसले मात्र, माझा मागचा डावा पाय सांध्यातून करकचला. तय्यब मागे वळून लवूला म्हणाला, "अरे, पंत नेतंव काय वड्यांचो पिंप?"

शेवटच्या दिवशी एक छोटीशी गोष्ट घडली होती. पंत बुटांसकट सरळ चुलीपाशी गेले, तेव्हा जानकी म्हणाली, "पंतांनू, बूट भायर काढा." चार माणसांदेखत म्हणाली, एवढाच तिचा गुन्हा.

महिन्याने ते साप्ताहिक मालवणात आलं. पोस्टमास्तरांनी बंदरावरच मोठ्याने वाचलं. 'मालवणात निसर्ग आहे, नाटक आहे, पण पोटाला काही नाही. जानकीबाईंच्या खानावळीत मी आठ दिवस निव्वळ पेज आणि मिठावर काढले. वर तोंडाचा पट्टा ऐकावा लागला तो वेगळा.'

माझ्या कड्या तापल्या! पेज? पेजेने माझा पाय करकचतो? साक्ष द्यायला मी होते, पण खुर्चीला विचारतो कोण? बोटीतून उतरणारी माणसं आता हसत म्हणायची, "पेजवाल्या बाईकडे नको हो!" वर्षाच्या आत खानावळीची चूल विझली. जानकी दुसऱ्याच्या अंगणात मासळी खारवायला बसली. मिठाने तिच्या हातांना चिरा पडल्या. त्या हातांकडे पाहून मी शपथ घेतली, हा माणूस पुन्हा माझ्यावर बसू दे, नाही याला तोंडावर आपटला तर मी फणसाची म्हणून सांगणार नाही.

लिहिणारे विसरतात, पण ज्यांच्याबद्दल लिहिलेलं असतं ते विसरत नाहीत. तीन वर्षांनी पंत पुन्हा आले, पांढरं स्वच्छ धोतर, हातात वही. लवूने डोळ्यांनी खुणावलं. तय्यबने बांबूवरची पकड सैल केली. मीही मागचा पाय सैल सोडला. आता बुडवणार, तोच किनाऱ्यावरून आवाज आला.

"तय्यबा! भिजवू नको रे तेका!" मासळीची टोपली टाकून जानकी पाण्याच्या काठाशी उभी होती.

"वयनी, तुमी गप ऱ्हवा," तय्यब ओरडला. "एक बुडी तरी गावूंदे तेका!"

"भिजललो माणूस सांजेक सुकता. सुको आणा तेका!"

मला तिचा भयंकर राग आला. एवढं सोसून ही बाई दया दाखवते? पण मित्रांनो, मी लाकूड होते आणि ती जानकी होती. माझी अक्कल ती किती!

त्या दुपारी पंत युसूफच्या हॉटेलात बसले. तळलेल्या सुरमईचा वास दारापर्यंत येत होता. युसूफने पुढ्यात ठेवली पेजेची वाटी आणि चिमूटभर मीठ. "अहो, हे काय?" पंत म्हणाले. युसूफ हात जोडून म्हणाला, "सायबानू, तुमी छापलास, मालवणात ह्याच गावता. तुमचा लिवलेला आमी खोटा कसा पाडूचा?"

पंत दुसरीकडे गेले, तिथेही पेज नि मीठच. ओळखीच्या वकिलांकडे पाहुणचाराला बसले, तर वकिलीणबाईंनी तोंडभर हसून पेज वाढली. शेजारी वकील बांगडा सोलून खात होते. पंत किनाऱ्याला लागताच जानकी घरोघरी फिरून एवढंच सांगून आली होती, "माज्यासाठी चार दिस." साऱ्या गावाने ते चार दिवस पाळले. जत्रेत पंत दशावताराला बसले. तिथे संवाद नटांनी उत्स्फूर्त बोलायचे असतात. विदूषकाने राजाला विचारलं, "महाराज, आज काय जेवलास?" राजा गंभीरपणे म्हणाला, "पेज." लोक हसून हसून लोळले आणि पंत उठून गेले. हे मला लवूने सांगितलं. सांगतानासुद्धा त्याला हसून दम लागत होता.

पाचव्या दिवशी बोट आली. पंत माझ्यावर बसले. अहाहा! काय हलके झाले होते! पिसासारखे! माझा करकचलेला पायसुद्धा चूं करीना. जन्मात कधी मला इतकं गोड ओझं मिळालं नव्हतं.

पाण्यात उतरण्याआधी त्यांनी तय्यबला थांबवलं. जानकी तिथेच उभी होती. पंत खाली वाकून तिच्या कानाशी पुटपुटले, "बाई, माझं चुकलं."

जानकी एक पाऊल मागे सरली. "माज्या कानात कित्याक सांगतास? मी खंय कानात जेवण वाढलेलंय? जंय लिवलास, थंय लिवा."

आणि त्यांनी लिहिलं. सगळं लिहिलं, किती वडे, किती वाट्या सोलकढी, आणि बूट काढायला सांगितल्याचा राग धरला होता, तेसुद्धा. पोस्टमास्तरांनी ते बंदरावर दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला जानकीने लावलं. त्याच पंधरवड्यात तिची चूल पेटली.

आता पडाव धक्क्याच्या पायऱ्यांना लागतात, माणसं आपल्या पायांनी उतरतात. माझं काम संपलं. इतर जुन्या वस्तू अडगळीत गेल्या, पण जानकीने मला खानावळीच्या दाराशी ठेवलंय. पाहुणे माझ्यावर बसून जोडे काढतात आणि जेवून जाताना माझ्यावरच बसून घालतात. दोन्ही वजनं माझ्यापाशी असतात. तेव्हा मित्रांनो, ज्या हाताने तुम्हाला वाढलं, त्याच्याबद्दल बाहेर जाऊन खोटं बोलू नका.

आणि जुन्या वस्तूंची काळजी घ्या. मला तेल लावा, उन्हापावसात टाकू नका. पण माझा मागचा डावा पाय कुणी दुरुस्त करू नका. गणपत सुतार एकदा खिळा घेऊन आला होता. जानकीने त्याचा हात धरला. "ऱ्हवांदे रे तो पाय," ती म्हणाली. "पंत जेवूक येतले म्हणान चिठी आसा. किती जेवले, ता तो पायच सांगतलो."