एकही माणूस गळाला नव्हता

यशोधराने कानिफनाथ तात्यांच्या कपाळाभोवती टेप परत एकदा गुंडाळला. चोपन्न.

"आगं किती येळा मोजतीस? टोपी शिवायची का काय?" तात्या म्हणाले.

तशी टोपीच होती. तारा लावलेली, मेंदूतली हालचाल टिपणारी. घालायच्या आधी डोक्याचं माप घ्यावं लागतं, नाहीतर ती सैल बसते आणि मशीन नुसतं बोंबलतं. कर्जत तालुक्यातलं हे गाव, गावातला समाजमंदिराचा हॉल, आणि तिसऱ्या फेरीतलं हे पहिलंच डोकं.

तिने जुनी फाईल उघडली. पहिल्या फेरीत चोपन्न. दुसऱ्या फेरीत सत्तावन्न. आज चोपन्न.

साठीतल्या माणसाचं डोकं दोन वर्षांत तीन सेंटीमीटर वाढत नाही. आणि समजा वाढलं, तर परत आत जात नाही.

यशोधरा याच गावची. पुण्यात मेंदूवर संशोधन करते. नावावर एकवीस पेपर. त्यातले वीस कुणी वाचले असतील-नसतील, पण एक मात्र असा चालला की विचारू नका. जगभरातल्या सहाशे अडतीस पेपरांनी त्याचा दाखला दिला होता. गोष्टच तशी होती. डाळिंबाच्या बागांत वर्षानुवर्षं औषध मारून इथल्या माणसांची स्मरणशक्ती उतरलेली. मग तेल्या रोग आला, बागा उपटल्या, फवारणी बंद. दोन वर्षांनी तीच सेहेचाळीस माणसं परत टोपी घालून, दहा शब्द ऐकवून ते आठवायला लावून तपासली, तर गेलेली स्मरणशक्ती बरीचशी परत आलेली! गेलेलं परत येतं, हे ऐकायला कुणाला नको असतं?

त्यात आणखी एक. सेहेचाळीसपैकी सेहेचाळीस परत आले होते. असं कुठे होत नाही. माणसं मरतात, गाव सोडतात, कंटाळतात. बाहेरच्या परिषदांमध्ये लोक विचारायचे, हे जमवलं कसं? ती हसून सांगायची, मला एक मामा आहे.

येत्या गुरुवारी प्राध्यापकपदाची मुलाखत होती. अर्जाच्या पहिल्या पानावर हाच पेपर, हाच आकडा.

"तात्या, दुसऱ्या फेरीला तुम्ही आला होता ना? मी परदेशात होते तेव्हा. पुण्याचा एक मुलगा मशीन घेऊन आलेला."

"त्यो चष्मेवाला? न्हाई बा. आमची ज्योती बाळंतीण हुती, मी श्रीगोंद्याला गेल्तो. आदिनाथ बसला की माझ्या जागी."

"तुमच्या नावावर?"

"मग कुनाच्या? घरचंच पोरगं हाय. लई भारी उत्तरं दिली म्हनं त्यानं. धाच्या धा शब्द सांगितले!" तात्यांची छाती पोराच्या कौतुकाने फुगली. "आन त्या शब्दांचं काय यवढं घिऊन बसलीस? बाग परत लावलीय, अजून दोन-तीन वर्षं औषध मारतो, मग देतो सोडून. भरून निघतंय की सगळं. दुकानात औषध घ्यायला गेलो तर भिंतीवर तुझा फोटू हाय, पेपरातला. खाली लिवलंय, गेलेलं परत भरून निघतं म्हनून."

यशोधराच्या हातातला टेप तसाच राहिला. "बसा हं, आले," म्हणाली आणि बाहेर आली.

सोपानमामा पायरीवर यादी घेऊन बसला होता. दुसऱ्याला फोन लावत होता, तिसऱ्याला हाका मारत होता. तिला बघून म्हणाला, "काय गं यशे, तोंड का असं? तात्या झोपला का टोपीत?"

"मामा, दुसऱ्या फेरीत बदली माणसं किती बसवलीस?"

मामा हसला. लपवायचं त्याच्या मनातसुद्धा नव्हतं. "व्हती की. कुनी आजारी, कुनी गावाला, सूर्यभान तर वारलाच हुता. त्याचं पोरगं बसवलं."

"मेलेल्या माणसाच्या जागी?"

"घर तर हाय ना त्याचं!"

ती खालच्या पायरीवर बसली. यात नवल काय होतं? ग्रामसभेला, मयतीला, लग्नाला, घरातलं एक कुणीतरी गेलं की घर हजर. लहानपणी आईच्या जागी ती स्वतः ग्रामसभेला बसून आली होती. पुण्यात जाऊन हेच विसरली.

"किती, मामा?"

"चौदा."

"मला सांगायचं तरी..."

"काय सांगायचं? तूच फोनवर रडली हुतीस. मामा, एकबी मानूस गळता कामा नये, न्हाईतर माझी तीन वर्षं पान्यात. म्हनली हुतीस का न्हाई?"

म्हणाली होती. अगदी हेच शब्द.

"न्हाई गळू दिला," मामा म्हणाला. "उनातानात घरोघर फिरलो. आता माझ्यावर डोळं काढतीस व्हय?"

तिने तिथेच लॅपटॉप उघडला. मामा एकेक नाव सांगत गेला, ती एकेक ओळ काढत गेली. चौदा ओळी गेल्या. उरलेल्या बत्तीस जणांची सरासरी बघितली. पहिल्या फेरीत जिथे, दुसऱ्या फेरीत तिथेच. कुणाचं काही परत आलं नव्हतं. जे आलं होतं ते पोरांचं होतं, आणि पोरांचं मुळात गेलंच नव्हतं.

तिने पुण्याला सरांना फोन लावला. पेपरवर दुसरं नाव त्यांचं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बघ, पेपर मागे घ्यावा लागेल, मी नाही म्हणत नाही. पण गुरुवार होऊ दे. चार दिवसांनी काय बिघडतंय? इतकी वर्षं चाललंच ना."

बोलणं खोटं नव्हतं. चार दिवस. तिने फोन ठेवला आणि मान वळवून हॉलमध्ये बघितलं. तात्या खुर्चीत बसून होते, तारांची टोपी मांडीवर घेऊन, दुसऱ्याचं लेकरू सांभाळावं तशी. पायाशी पिशवी. पिशवीत औषधाचा डबा. इथून ते सरळ बागेतच जाणार होते.

तिने पेपर छापणाऱ्या मासिकाच्या संपादकांना मेल लिहायला घेतली. चारच ओळी झाल्या. चौदा माणसं ती नव्हती, निष्कर्ष उभा राहत नाही, चूक माझी, पेपर मागे घ्या. मामाचं नाव कुठेच घातलं नाही.

"काय लिवलंस?" मामाने विचारलं.

"पेपर मागे घेतेय."

"आन त्ये गुरवारचं?"

तिने मेल परत एकदा वाचली. मामाने हातातली यादी घडी करून खिशात घातली, परत काढली. "माझ्यापायी झालं व्हय गं?"

"तू मी सांगितलं तेच केलंस, मामा."

त्याला ते बरं वाटलं नाही. तिलाही नाही. तिने मेल पाठवली. मग उठून आत गेली, तात्यांच्या समोर खाली बसली आणि सगळं सांगितलं, जेवढं सोपं करता येईल तेवढं सोपं करून.

तात्यांनी नीट ऐकलं. "म्हंजी माझं परत येनार न्हाई?"

"माहीत नाही, तात्या."

"म्हाईत न्हाई कसं? तूच तर छापलंस!"

"चुकीचं छापलं. आणि दुकानातला तो कागद मी आज काढायला लावते. पण तुम्ही औषध नका मारू. निदान ही फेरी होऊन नक्की काय ते कळेपर्यंत तरी."

"आन बागंचं?"

तात्या पायाशी असलेल्या पिशवीकडे बघत राहिले. बाहेर मामा कुणाला तरी फोनवर सांगत होता, सोता ये, पोराला धाडू नकोस, सोता ये.

तात्यांनी टोपी तिच्या हातात दिली.

"घाल," ते म्हणाले. "नीट मोज. ह्या येळी मीच हाय."