अमेरिकेची पोथी

रहाटणीत पोथी लावायची तर दोन माणसं लागत. एक वाचणारा आणि दुसरा अर्थ सांगणारा. वाचणाऱ्याला काय, अक्षरओळख असली की भागलं. खरा मान अर्थ सांगणाऱ्याचा. आणि गावात अर्थ सांगावा तो बबनरावांनीच. गडी पार निरक्षर, पण ओवी कानावर पडली रे पडली की अशी सोडवून सांगायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, ही माझ्याच घरात डोकावून लिहिलीय.

अशा घरात इंद्रायणी सून म्हणून आली होती. चाकणच्या मास्तरांची मुलगी, पुण्याला राहून इंटरपर्यंत शिकलेली. नवरा ज्योतीराम पिंपरीला उभ्या राहणाऱ्या औषधाच्या कारखान्यात लागायचा होता आणि त्याला म्हणे शिकलेलीच बायको हवी होती. कारखाना राहिला बाजूला. पायाला नांगराचा फाळ लागल्याचं निमित्त झालं आणि धनुर्वातानं तो आठवड्याच्या आत गेला. इंद्रायणीचं कपाळ पुसलं गेलं आणि ती माजघरात बसली. माजघराला खिडकी नव्हती.

वर्षभरानं तिच्या कॉलेजातल्या कुसुमताई भेटायला आल्या. बाई मोठ्या खमक्या. गेलेल्याबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत. "बी.ए. पुरं कर," म्हणाल्या, "पहिलं वर्ष घरून अभ्यास चालेल, दुसरं मात्र वसतिगृहात राहून." आणि जाताना परीक्षेला नेमलेलं पुस्तक तिच्या हातात ठेवून गेल्या. अमेरिकन कवींच्या विलापिका आणि प्रेमकविता. म्हणजे अर्ध्या मेलेल्यांसाठी आणि अर्ध्या जिवंतांसाठी. तरुण विधवेच्या हातात द्यायला याहून अडचणीचं पुस्तक हुडकून सापडलं नसतं.

बबनरावांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. "कोपऱ्यात बसून गुपचूप काय बी वाचायचं न्हाई," ते म्हणाले. "लोक तोंडाला येईल त्ये बोलत्यात. वाचायचं तर दिवेलागणीला, ओसरीवर, समद्यांम्होरं. अर्थासकट."

"मामंजी, इंग्रजी आहे ते."

"मग वाचनारीबी तूच आन् अर्थ सांगनारीबी तूच. हाय कबूल?"

कबूल नसून सांगते कुणाला! बाकी दिवसभर शेण, पाणी, भाकऱ्या होत्याच. निदान संध्याकाळ तरी पुस्तकाची होणार होती. तिनं मान हलवली.

ओसरीवर पाट मांडला गेला. सासूबाईंनी, गोजाबाईंनी, रीतीप्रमाणं पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं. पुस्तकाला कुंकू लागलं, वाचणारीला नव्हतं. ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. शेजारचे कोंडाजी आणि आळीतल्या चार बाया येऊन बसल्या, आणि पहिलंच पान निघालं ते एका प्रियकराचं. तुझे केस माझ्या उशीवर पसरलेले असतात तेव्हाच मला झोप लागते, असं तो उघडउघड म्हणत होता. इंद्रायणीची कानशिलं तापली. सगळे अर्थासाठी टक लावून बसलेले.

"भक्त देवाला म्हणतो," तिनं दडपून सांगितलं, "तुझ्यावाचून माझा डोळ्याला डोळा लागत नाही."

कोंडाजींचे डोळे भरून आले. "लई मोठा भगत दिसतोय! अमेरिकेतबी असत्यात म्हना!"

इंद्रायणीनं तोंडाला पदर लावला आणि खोकल्याचं सोंग केलं. वर्षभरात तिला पहिल्यांदा हसू आलं होतं. मग तिला त्याची गोडीच लागली. महिनाभरात तिनं अमेरिकेतले झाडून सगळे प्रियकर भक्तीला लावले. रुसलेले, भांडलेले, आगगाडीच्या फलाटावर एकमेकांच्या गळ्यात पडलेले, एकालाही सोडलं नाही. दुपारी एकटी असताना मात्र ती तीच पानं खऱ्या अर्थानं वाचायची, आणि तेव्हा हसू यायचं नाही.

मग विलापिका सुरू झाल्या. त्यांतली एक लांबलचक होती. एक तरुण शेतकरी मरतो. त्याची बायको रोज संध्याकाळी थडग्यापाशी येऊन बसते, आज गाय व्याली, कुंपण पडलं, असं काहीबाही त्याला सांगते. शेवटी एके दिवशी ती उठते, फाटक लावून घेते आणि मागं वळून न बघता शहराच्या वाटेला लागते. आणि कवी तिला नावं ठेवत नाही, वाट सुखाची होवो म्हणतो. ही कविता इंद्रायणीनं आधीच वाचली होती आणि ती रडलीही होती. ज्योतीरामासाठी नव्हे, खोटं कशाला बोला. त्या बाईच्या उठण्यासाठी.

पण ओसरीवर त्या कडव्याशी आली तेव्हा तिनं वर पाहिलं. बबनराव रडत होते. लेकाच्या सरणापाशी ज्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, तो माणूस मुंडाशाच्या टोकानं तोंड पुसत होता. बाई उठून गेली म्हणून सांगावं, तर उद्या पुस्तक चुलीत जाईल. ती घाबरली.

"बाई तिथंच बसली," तिनं सांगितलं. "बसूनच राहिली. म्हणाली, तू गेलास तरी तुझी जागा मी राखीन."

"वा!" बबनराव म्हणाले. त्यांना दुसऱ्या दिवशीही तेच हवं होतं, आणि तिसऱ्या दिवशीही. बाकीचं पुस्तक मागं पडलं. अमेरिकेतली ती बाई पार काळेवाडीपर्यंत गाजली, तिकडची माणसं ऐकायला येऊ लागली.

पहिल्या वर्षाची परीक्षा झाली, इंद्रायणी पास झाली. जूनच्या तोंडावर कुसुमताईंनी निरोप धाडला की वसतिगृहात जागा मिळालीय, लगेच ये. तिनं धीर करून सासऱ्यांपुढं विषय काढला. बबनराव चिडले नाहीत, आवाजही चढवला नाही.

"आन् ती बाई उठली का गं?"

"कोण बाई?"

"अमेरिकंची. गोरी, साता समुद्रापल्याडली, तिला आडवाया ना सासू ना सासरा. ती उठली न्हाई. आन् तू उठायचं म्हनतीस?"

आपणच खणलेल्या खड्ड्यात आपण पडलो, हे तिला कळलं. दिवसभर जात्यावर बसून तिनं विचार केला. खोट्यानं दार लागलंय, तर खऱ्यानं उघडेल. मास्तरांची मुलगी ती. बरोबर उत्तर दिलं की मार्क मिळतात, यावर तिचा भारी विश्वास.

दिवेलागणीला तिनं ती कविता वाचली आणि शेवटच्या कडव्याचा खरा अर्थ सांगून टाकला. बाई उठली. फाटक लावलं. गेली. कवीनं तिला आशीर्वाद दिला.

"मंग इतके दिस निराळं का सांगितलंस?" कोंडाजींनी विचारलं.

"आत ये," बबनराव तिला म्हणाले.

माजघरात ते कणगीला टेकून उभे राहिले. आता शिव्या बसतील, कदाचित हातही उठेल, अशी तिनं मनाची तयारी केली होती. रागाशी भांडता येतं.

"ती उठली, ह्ये मला पयल्याच दिशी कळलं हुतं," ते म्हणाले. "बसून ऱ्हायली म्हनताना तुझं डोळं दाराकडं गेलं हुतं. चाळीस वर्सं अर्थ सांगतोय पोरी. मला अक्षर येत न्हाई, मी वाचनाऱ्याच्या तोंडाकडं बघूनच सांगतो."

"कळलं होतं, तर मग मला जाऊ द्या ना, मामंजी."

"तू वाचतीस तवा माझा ज्योतीराम तेवढा वकुत घरात असतो. तू गेलीस की त्यो दुसऱ्यांदा मरंल. त्ये मला झेपायचं न्हाई." तिला त्यांची दया आली, आणि ती आली म्हणून स्वतःचा संताप आला.

बाहेर येऊन बबनराव पाटाजवळ बसले. "सूनबाईला शीण झालाय," त्यांनी सगळ्यांना सांगितलं. "आजपास्नं ती नुसतं वाचंल. अर्थ मी सांगन. वाच गं, शेवटलं."

इंद्रायणीनं वाचलं. एकेक शब्द सुटा करून, होता नव्हता तेवढा आवाज लावून, इंग्रजीत वाचलं. बाई उठली, फाटक लागलं, वाट लांबपर्यंत मोकळी होती. वाचून ती थांबली आणि तिनं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं.

बबनरावांनी डोळे मिटले. "बाई बसली," ते म्हणाले, "आन् बसूनच ऱ्हायली."

"जी," कोंडाजी म्हणाले. मागोमाग सगळी ओसरी म्हणाली.