लहरींचा गुण

आमच्या जावयाला मी लहरीबुवा म्हणते. तोंडावर नाही हं, तोंडावर ‘जावईबापू’च. माझ्या धाकट्या बहिणीचा तो जावई. आधी गाद्या विकल्या, मग पाणी शुद्ध करायची यंत्रं. दोन्हीकडे हात पोळले तेव्हा पांढरा कोट शिवून घेतला आणि सांधेदुखीचं केंद्र काढलं. काउंटरवर बायको, म्हणजे आमची भाची. आत एक खाट, खाटेवर भलंमोठं कडं, शेजारी हिरव्या दिव्यांची पेटी. कड्यात पाय घालून पडायचं, चुंबकीय लहरी हाडात शिरणार आणि झिजलेला सांधा भरून येणार. डोंबल!

बहिणीचा खुबा पार गेलेला. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती, ती लहरीबुवांनी रद्द करायला लावली. "घरचं यंत्र असताना आई सुरीखाली गेल्या तर माझ्याकडे कोण येईल?" मोठ्या डॉक्टरांनी बजावलं होतं, मोडलेलं हाड जुळत नसेल तर असल्या लहरींचा कधीमधी उपयोग होतो, पण इथे सांधाच उरलेला नाही, उशीर केलात तर चाकाच्या खुर्चीत बसाल. पण डॉक्टरांना काय कळतं? त्यांनी कधी गाद्या विकल्यात?

तर बहीण रोज कड्यात पडायची. लहरीबुवा विचारायचे, "आई, गुण आहे ना?" ही म्हणायची, "आहे हो." आणि घरी येऊन भिंत धरधरून संडासला जायची.

"अगं मेले, गुण नाही तर नाही म्हण ना!" मी ओरडले.

"जावयाला तोंडावर नाही कसं म्हणू, ताई? लेकीला नांदायचंय तिथे."

कपाळ माझं. एक दिवस मीच तिच्याबरोबर गेले. बाहेरच्या बाकांवर माणसं दाटीवाटीनं बसलेली. एक शाळामास्तरीण लंगडत आली. तिचीही शस्त्रक्रिया ठरलेली, पण जीव घाबरलेला. लहरीबुवांना चेवच आला.

"घाबरता कशाला? या आमच्या सासूबाई. आई, ती काठी ठेवा बाजूला. चालून दाखवा जरा."

आणि ही गाढव उठली की! ओठ दाताखाली धरून, हसरं तोंड करून, भिंतीपासून काउंटरपर्यंत चालली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला तर त्या कोडग्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

"मग मी तारीख रद्दच करते," म्हणत मास्तरणीने पर्समधून फोन काढला.

बहिणीचं हसू तिथेच मावळलं. "नका करू, बाई," ती म्हणाली. "मला काडीचा गुण नाही. एवढं चालले त्यात जीव गेला माझा."

"आई! अहो, आज लहरी जरा कमी सोडल्या होत्या, म्हणून—" लहरीबुवांची जीभ अजून वळवळतच होती.

"लहरी नाही, बापू, मी खोटं बोलत होते. रोज. हिचा संसार नीट राहावा म्हणून."

भाची काउंटरमागून धावत आली. आईच्या काखेत हात घालून तिने तिला बाकावर बसवलं.

"माझा संसार तुझ्या या पायावर उभा केलास होय, आई?" ती म्हणाली, आणि नवऱ्याकडे न बघता तिने मोठ्या डॉक्टरांना फोन लावला.