नव्वद मैलांची सोबत

शुक्रवारी पहाटे साडेपाचला संस्थेचा चालक रेजान याचा फोन आला. त्याची पाठ धरली होती, अंथरुणातून उठवत नव्हतं.

"आजच नेमकं," तो कण्हत म्हणाला. "तुझा शेवटचा दिवस आणि..."

"गप पड. गरम पाण्याची पिशवी घे," लुसिल डेगल म्हणाली आणि गाडीची किल्ली शोधायला लागली.

'शेजारधर्म' ही संस्था तिनं एकतीस वर्षांपूर्वी चर्चच्या तळघरात, एका टेलिफोनवर सुरू केली होती. काम साधं होतं. सेंट-ओडिल गावात डायलिसिसची सोय नव्हती. जवळचं केंद्र नव्वद मैलांवर. ज्यांना गाडी नाही, चालवायला माणूस नाही, त्यांना आठवड्यातून तीनदा नेऊन आणायचं. आज दुपारी तीनला त्याच चर्चच्या सभागृहात तिचा निरोपसमारंभ होता.

आणि आजचा प्रवासी होता ओनेझिम थेरियो. बटाट्यांच्या गोदामांचा मालक, पूर्वी वीस वर्षं गावच्या कौन्सिलवर, आता एक्क्याऐंशीचा. दारात टोपी कानांवर ओढून तो उभाच होता.

"रेजान कुठाय?"

"पाठ धरली त्याची. आज मी."

"म्हणजे आज रेजानची ती रेडिओवरची हॉकी नाही."

"बसा आता, थेरियोसाहेब. रस्त्यावर बर्फ आहे."

जाताना तो झोपला. केंद्रात तो चार तास यंत्राला जोडलेला असताना लुसिल बाहेरच्या बाकावर निरोपाचं भाषण लिहीत बसली. देणगीदारांचे आभार, चालकांचे आभार. तिसऱ्या ओळीवर पेन अडलं. तिला ओरोर पेल्तिए आठवली. नऊ वर्षं ओरोर या रस्त्यानं येत-जात होती, मांडीवर विणकाम घेऊन. मग एका फेब्रुवारीत तिनं सांगितलं, "लुसिल, आजारापेक्षा रस्त्यानंच मी जास्त दमते गं. आता बास." आणि खरंच बास केलं. तीन आठवड्यांत गेली.

एकतीस वर्षं आपण माणसं दवाखान्यापर्यंत नेली, लुसिलच्या मनात आलं, पण दवाखाना काही एक मैलही अलीकडे आणला नाही.

परतताना थेरियोचा चेहरा राखेसारखा झाला होता. यंत्रावरून उठल्यावर तो नेहमीच असा दिसायचा. अर्धा रस्ता सरला. मग तो खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "ते डायलिसिसच्या मशिनांवरचं मतदान आठवतंय ना तुला?"

लुसिलनं स्टिअरिंग घट्ट धरलं. प्रवाशांशी गावचं राजकारण बोलायचं नाही, हा नियम तिनंच केला होता. पण विसरणार कशी? बावीस वर्षांपूर्वी दवाखान्याचं मंडळ चार यंत्रं सेंट-ओडिलला द्यायला तयार होतं, गावानं फक्त जागेचा खर्च करायचा होता. कौन्सिलनं एका मतानं नकार दिला.

"ते एक मत माझं होतं," थेरियो म्हणाला. "मला त्या पैशात बर्फ काढायचं नवं वाहन हवं होतं. तेव्हा माझी किडनी धडधाकट होती ना."

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे? आणि दीड वर्षं तुझ्या गाड्या मला मुकाट नेतायत?"

"तुमच्यापेक्षा मोठं पाप माझं आहे." ती थांबली, मग बोलूनच टाकलं. "त्या सभेत ओरोर बोलणार होती. मीच तिला थांबवलं. आमचे विश्वस्त म्हणाले, कौन्सिलला दुखवू नकोस, देणग्या आटतील. मी ऐकलं. मागच्या रांगेत बसून राहिले."

थेरियोनं पहिल्यांदा मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "आणि सोमवारी काय करणार आहेस?"

"काय म्हणजे? निवृत्त. विश्रांती."

"अगं पोरी, सोमवारपासून तुझं तोंड बंद करणारं कोण उरलं?"

सहासष्टाव्या वर्षी पोरी म्हणवून घेताना लुसिलला हसू फुटलं. मग हसू थांबलं. म्हातारा बरोबर बोलत होता.

"तुम्ही याल बरोबर?" तिनं विचारलं. "सगळ्यांसमोर हे असंच सांगाल?"

"मला आधी घरी सोडायचंय की थेट केकपाशी?"

सभागृहात ऐंशीएक माणसं होती. आंबोळीसारखे प्लोय आणि जाड कवचात मटण भरून भाजलेले 'मीट पाय' मांडलेले. लुसिलनं भाषणाचा कागद उघडलाच नाही. ओरोरला आपण कसं गप्प केलं, ते तिनं सांगितलं. विश्वस्तांची अध्यक्षा पहिल्या रांगेत खाली बघत होती. ओरोरची मुलगी मोनिक भिंतीला टेकून उभी होती. तिचा चेहरा वाचता येत नव्हता. मग थेरियो खुर्चीचा आधार घेऊन उठला. "मत माझं होतं," एवढंच म्हणाला. "ते मला परत घ्यायचंय."

 मोनिक पुढे आली. "आई घरी रडली होती त्या रात्री," ती लुसिलला म्हणाली. "मी तुला इतक्यात माफ करणार नाही. पण यंत्रांसाठी सह्या गोळा करायच्या असतील तर माझ्याकडे गाडी आहे."

पुढचे चौदा महिने सोपे गेले नाहीत. दवाखान्याच्या मंडळानं अर्ज दोनदा परत पाठवला. रुग्ण पुरेसे नाहीत, म्हणे. तेव्हा लुसिलनं एकतीस वर्षांच्या फेऱ्यांच्या वह्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या. किती माणसं, किती मैल, आणि कोणी मध्येच येणं सोडलं. त्यांनी त्या तीन दिवस ठेवून घेतल्या आणि मग होकार दिला. थेरियोनं मुख्य रस्त्यावरची आपली एक इमारत दिली आणि रंगाच्या छटेवरून मोनिकशी दोन महिने भांडला.

जानेवारीत डायलिसिसच्या चार खुर्च्या सुरू झाल्या. थेरियो आता घरून चार मिनिटांत पोचतो आणि तक्रार करतो की एवढ्याशा वाटेत धड गप्पाही होत नाहीत. रेजान आणि बाकीचे चालक म्हाताऱ्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतात. ते काम कुठं संपणार होतं?

मार्चमध्ये नदीपलीकडच्या एका गावातून लुसिलच्या घरी फोन आला. तिकडची एक बाई बिचकत विचारत होती, आमच्याकडेही असंच आहे, तुम्ही हे कसं जमवलंत?

"रविवारी जेवायलाच या," लुसिल म्हणाली. "कागद-पेन आणा. आधी आमच्या चुका सांगते, म्हणजे तुमची बावीस वर्षं वाचतील."