चार तलंगा आणि एक जुना कूलर

लालीचा तुरा दिवाळीत तुरीच्या डाळीएवढा होता, आणि डाळीसारखाच फिकट पिवळा. पुढे तो गुलाबी झाला. मग एका सकाळी तिरपं ऊन आत आलं तेव्हा मी नीट पाहिलं. तुऱ्याची टोकं लाल झाली होती आणि तो रंग हळूहळू खाली उतरत होता. तलंग, म्हणजे अजून एकही अंडं न घातलेली तरुण कोंबडी, अंड्यावर येऊ लागली की तुरा असा लाल होतो. हे मी इतक्या जवळून कसं पाहिलं? मित्रांनो, लाली माझ्या पोटातच राहते.

मी एक जुना कूलर आहे. पत्र्याचा, माणसाच्या छातीएवढा उंच. महागावात विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करणाऱ्या निजामुद्दीनभाईंनी लग्नाच्या वर्षी मला स्वतःच्या हातांनी घडवलं. तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, मधोमध पंखा, खाली पाण्याची टाकी. टाकीत एक पांढरा चेंडू तरंगायचा. पाणी पुरेसं भरलं की तो वर येऊन नळ बंद करायचा. तो बसवताना निजामुद्दीनभाईंनी पाणी सोडून सोडून पाहिलं होतं.

आमच्या यवतमाळ जिल्ह्याचा उन्हाळा कोरडा, हे माझं भाग्य. हवा जितकी कोरडी, तितकं पाणी लवकर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. माझी सारी विद्या एवढीच. पण तिच्या जोरावर भर दुपारी शेजारच्या रुखमाबाई गहू निवडायला सूप घेऊन माझ्यासमोर येऊन बसत. “अकीला, तुया घरात वैशाख येतच नाई वाटते,” असं त्या निजामुद्दीनभाईंच्या बायकोला, अकीलाबींना म्हणत तेव्हा माझा पंखा जरा जास्तच जोरात फिरायचा. त्यांच्या लेकीचा, अतियाचा पाळणाही माझ्याच वाऱ्यावर हलला.

मग घरात प्लॅस्टिकचा नवा कूलर आला. माझ्या तळाला गंज लागून पाणी गळू लागलं होतं, त्यामुळे तक्रार तरी काय करणार? मला परसात पेरूखाली ठेवलं. तेव्हापासून भंगारवाला मोईन दर फेरीला विचारायचा, “भाईजान, कूलर देता का?”

निजामुद्दीनभाई मान वर न करता म्हणायचे, “पाहू.”

हा त्यांचा आवडता शब्द. अकीलाबी हसून सांगायच्या, “काजीसाहेबांनी ‘कुबूल है?’ विचारलं तेव्हाही हे ‘पाहू’च म्हणणार होते. भावानं कोपर मारलं म्हणून माया निकाह झाला!”

त्या शब्दावर माझे दिवस टांगलेले होते. भंगारात गेलो असतो तर पहिला घाव हातोड्याचा, हे मला माहीत होतं.

गेल्या पावसाळ्यात अतियाने फुलसावंगीच्या मावशीकडून, रुबीनाखालाकडून चार पिल्लं आणली आणि ती मोठी झाल्यावर त्यांना घर म्हणून मी मिळालो. पंखा काढला, ताट्यांच्या जागी जाळी आली. टाकीवर फळी टाकून तिच्यावर गवताचं खोकं ठेवलं. नळापासून सुटलेला चेंडू मात्र खाली अंधारात तसाच राहिला.

आणि सुरू झालं वाट पाहणं. अतिया शाळेत जाताना डोकावायची, आल्यावर दप्तर न काढता डोकावायची.

“पोरी, सारखी पाहून राह्यली तं त्या लाजतीन ना व!” रुखमाबाई भिंतीपलीकडून म्हणायच्या.

“काकू, काहून देत नाई मंग अंडं?”

निजामुद्दीनभाईंनी आपल्या परीने इलाज केला. मोठ्या पोल्ट्रीत दिवे लावतात असं ऐकून त्यांनी खोक्याच्या अगदी वर झगझगीत बल्ब बसवला.

“आता तिचं वाइंडिंगही करून टाका,” अकीलाबी म्हणाल्या. “कोंबडी आहे ते, मोटर नाई!”

खरं तर दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं. दिवस मोठा वाटायला उजेड उपयोगी पडतो, पण अंडं घालायला कोंबडीला आडोसा लागतो. मला हे कळत होतं, सांगता येत नव्हतं.

उन्हाळा तोंडावर आला. अकीलाबींना वाळवणासाठी परसातली जागा हवी होती. ठरलं असं की रविवारी मोईन टेम्पो आणेल, मला नेईल आणि तलंगा खालाकडे परत जातील.

“आणि त्याच्या आधी अंडं दिलं तं?” अतियाने विचारलं.

“पाहू,” अब्बू म्हणाले.

मित्रांनो, एक विनंती करतो. एखादी वस्तू चालायची थांबली म्हणजे ती संपली असं समजू नका. टाकून देण्याआधी एकदा तिच्या आत नीट पाहा.

रविवारी सकाळपासून लाली बेचैन होती. घशातल्या घशात लांब सूर काढत ती खोक्यात चढली, बल्बखाली डोळे मिचकावून उतरली, पुन्हा चढली. शेवटी फळीच्या फटीतून अंग चोरून ती टाकीत घुसली. तिथे चेंडू पडलेला. लालीने त्याच्याकडे आधी एका डोळ्याने पाहिलं, मग दुसऱ्या. आधी कुणीतरी इथे अंडं घातलंय, म्हणजे जागा भरवशाची, असं ठरवून ती त्याला खेटून बसली.

तेवढ्यात टेम्पो आला. बाकीच्या तलंगा बाहेर परसात चरत होत्या. मोईनने मला एका बाजूने उचललं.

“थांबा!” अतिया ओरडली. “तीनच दिसून राह्यल्या. लाली कुठं गेली?”

मला खाली टेकवलं. अतियाने फळी सरकवताच लाली पंख फडफडवत बाहेर आली. अतियाने आत हात घातला आणि पांढरं, गोल काहीतरी काढलं. चेंडू!

“वा रे वा!” मोईन पोट धरून हसला. “भाईजान, तुमच्या कोंबडीनं प्लॅस्टिकचं अंडं देल्लं!”

अतियाचे डोळे भरून आले. तरी तिने पुन्हा हात घातला. या वेळी तो फार सावकाश बाहेर आला. तळहातावर एक लहानसं, बदामी, ऊन ऊन अंडं होतं. लालीने सगळ्या आळीला ऐकू जाईल असा गजर केला.

“घातलं का व?” भिंतीपलीकडून रुखमाबाई.

“घातलं, काकू! घातलं!”

निजामुद्दीनभाईंनी अंडं हातात घेऊन बेअरिंग तपासावं तसं फिरवून पाहिलं. मग चेंडू उचलला, सदऱ्याला पुसला आणि जिथे होता तिथेच परत ठेवला. फळी लावली, फट तेवढी राखली. बल्बची वायर ओढून काढली.

“अतियाचे अब्बू, मोईन उभा आहे,” अकीलाबी म्हणाल्या. “आज तरी ‘पाहू’ म्हणू नका.”

त्यांनी माझ्या गंजलेल्या पत्र्यावर हात ठेवला.

“मोईन, टेम्पो रिकामा ने,” ते म्हणाले. “हा कूलर आपण देत नाई.”