कुरामोची-सान सोपं बोलायला शिकले

कुरामोची-सानना त्यांच्या बायकोनेच आमच्या वर्गात आणून सोडलं. निवृत्त झाल्यापासून ते दिवसभर टीव्हीवरच्या निवेदकांच्या चुका काढत बसायचे. "तुमच्याकडे ठेवून घ्या हो यांना, दोन तास तरी!" असं मला म्हणून ती बाजारात निघूनही गेली.

आमच्या बंदराच्या गावात मासळीच्या कारखान्यांमुळे बरेच परदेशी लोक राहायला आले आहेत. त्यांना जपानी शिकवायला आम्हा हौशी लोकांना तयार करायचं, म्हणून हा वर्ग. शनिवारी सकाळी, नगरपालिकेच्या सभागृहात. आम्ही सहाजण. मी शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढलेली. कुरामोची-सान अडतीस वर्षं फेरीबोटीच्या धक्क्यावर भोंग्यातून सूचना देणारे.

शिकवायला ओगिवारा बाई होत्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "आपल्याला जपानी फार चांगलं येतं, हीच आपली अडचण आहे. छोटं बोला, सोपं बोला. समजा, फरशी ओली आहे. परदेशी माणसाला कसं सांगाल?"

कुरामोची-सान उठले. घसा साफ केला. "सदर ठिकाणची फरशी ओलसर असल्याकारणाने, आपणांस तसदी देत असल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करून, नम्र विनंती करण्यात येते की..."

"पडला," मी म्हणाले.

"कोण?"

"परदेशी माणूस. तुमचा 'की' येईपर्यंत आडवा झाला."

"मग तुम्ही सांगा ना, शिओमी-सान!"

"फरशी ओली आहे. जाऊ नका."

"असं तर मी मांजराशीसुद्धा बोलत नाही," ते म्हणाले आणि घुश्शात खाली बसले.

तीन शनिवार हेच चाललं. ओगिवारा बाई विनवायच्या आणि कुरामोची-सान भोंग्यातून बोलल्यासारखेच बोलायचे. चौथ्या शनिवारी बाई एका तरुण बाईला घेऊन आल्या. ती ओयुना, मंगोलियाची, आमच्या इथल्या वृद्धाश्रमात काम करणारी. "आज तुम्ही विद्यार्थी," बाई म्हणाल्या. "ओयुना-सान तासभर फक्त मंगोलियन बोलतील. जपानी बंद."

ओयुनाने हसून एक लांबलचक वाक्य म्हटलं. आम्ही हसून माना डोलावल्या. तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. आम्ही आणखी जोरात डोलावल्या. मग तिने कुरामोची-सानकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं. ते लगबगीने उठले, खिडकी उघडली, बंद केली, दिवा मालवला आणि शेवटी तिला वाकून नमस्कार केला. तिला फक्त दार लावून हवं होतं.

मग तिने पिशवीतून सफरचंद काढलं. "अलिम."

"अलिम!" आम्ही ओरडलो. इतकं सोपं मिळाल्यावर कोण सोडतो!

तिने ते कुरामोची-सानच्या हातात दिलं, त्यांनी नाव सांगावं म्हणून. त्यांनी क्षणभर विचार केला आणि भलामोठा लचका तोडला.

"याना!" ओयुना किंचाळली.

"याना!" आम्ही सहाजण एका सुरात. कुरामोची-सान तर तोंडातल्या घासासकट.

ती दोन्ही हात हलवत म्हणाली, "उगुइ, उगुइ!"

"उगुइ, उगुइ!" आम्हीही हात हलवले. आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या हागिओ आजींनी वहीत लिहूनही घेतलं: अलिम म्हणजे अख्खं सफरचंद, याना म्हणजे चावलेलं, उगुइ म्हणजे संपलेलं.

ओयुना टेबलावर डोकं टेकून हसत सुटली. आम्हीही टेबलावर डोकी टेकली. धड्याचाच भाग वाटला आम्हाला.

तास संपल्यावर कळलं की याना म्हणजे 'अगं बाई, आता काय करू!' आणि उगुइ म्हणजे 'नाही'. सगळे खो-खो हसले. कुरामोची-सान मात्र हातातल्या सफरचंदाकडे बघत होते. मग ओयुनाला म्हणाले, "तुम्ही इथे आलात तेव्हा रोज असंच वाटायचं?"

"पहिलं वर्ष," ती म्हणाली.

"धक्क्यावर उतरलात तेव्हा माझी सूचना ऐकली असेल ना?"

"ऐकली. आवाज छान होता," ओयुना म्हणाली. "मला वाटलं, कोणीतरी वारलं."

पुढच्या महिन्यात खरे विद्यार्थी आले. कुरामोची-सानच्या वाट्याला रोवेना आली, फिलिपिन्सची, चाळिशीची, मासे साफ करण्याच्या कामावर. तिने पिशवीतून नगरपालिकेचं पत्रक काढून पुढे ठेवलं. एका परिच्छेदाचं एकच वाक्य होतं. कुरामोची-सानच्या कपाळावर घाम आला. ओठ हलले, थांबले. आम्ही सगळे आपापले धडे सोडून तिकडेच बघत होतो.

"मंगळवारी," ते म्हणाले, "पाणी येणार नाही." मोठा श्वास घेतला. "सोमवारी पाणी भरा."

"कळलं!" रोवेना म्हणाली. "मंगळवारी आंघोळ?"

हे पत्रकात नव्हतं. कुरामोची-सान गडबडले. "सोमवारी... दोनदा करा."

रोवेनाने ते मन लावून वहीत उतरवलं आणि कारखान्याच्या वसतिगृहात, ती राहायची तिथे, सगळ्यांना सांगितलं. सोमवारी संध्याकाळी तिथल्या अकराही जणींनी दोन-दोनदा आंघोळ केली आणि मंगळवारसाठी भरून ठेवलेली टाकी त्याच संध्याकाळी कोरडी पडली.

मंगळवारी सकाळी कुरामोची-सान आपल्या छोट्या ट्रकमध्ये शेजारच्या गावातून पाण्याचे कॅन भरून वसतिगृहाच्या दारात हजर. मी मदतीला गेले होते. अकराजणी बादल्या घेऊन बाहेर आल्या. कुरामोची-साननी सवयीने घसा साफ केला. मी मनातल्या मनात डोक्याला हात लावला.

"चूक माझी," ते म्हणाले. "पाणी घ्या."